पाळणाघराचा रंग आणि ‘लेड फ्री’ लिहिलेला कागद

पत्र थोडक्यात असं:

“मी छोटं पाळणाघर चालवते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं दिवसभर इथे असतात. इमारत जुनी आहे, खिडक्यांच्या चौकटींचे पोपडे सुटू लागलेत, म्हणून सगळीकडे नव्याने रंग द्यायचं ठरवलं. रंगारी म्हणतो, जुनं खरवडू, पॉलिश पेपर मारू आणि दोन हात देऊ. तेवढ्यात एका मुलीच्या आईने विचारलं, ‘नव्या रंगात शिसं नाही ना? सर्टिफिकेट आहे का?’ दुकानदाराने मला एका कागदाची झेरॉक्स दिली. त्यावर ‘लेड फ्री’ लिहिलंय, खाली शिक्का आहे. घरचे म्हणतात, आजकाल रंगात शिसं असतंच कुठे? मला बाकं पिवळी आणि केशरी हवी आहेत. या कागदावर विश्वास ठेवू का? आणि पालकांना काय सांगू?”

प्रिय ताई,

आधी रंगाऱ्याला फोन करा आणि खरवडायचं काम थांबवायला सांगा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

तुमचा प्रश्न नव्या डब्याचा आहे. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटायला लावणारी गोष्ट म्हणजे तो पॉलिश पेपर. जुन्या इमारतीत नव्या रंगाखाली रंगाचे कितीतरी थर दबलेले असतात, आणि ते कोणत्या काळात, कोणत्या डब्यातून लागले हे कोणालाच ठाऊक नसतं. कोरडं घासलं की त्या थरांची पिठासारखी बारीक धूळ होते. ती फरशीवर बसते, तिथून रांगणाऱ्या मुलाच्या तळहातावर येते आणि हात तोंडात जातो. उत्तम प्रमाणित रंग आणला आणि त्याआधी खोलीभर जुन्या रंगाची धूळ उडवली, तर मुलांसाठी खोली पूर्वीपेक्षा वाईट होते.

या रस्त्याची माहिती वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षांपासून आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. तिथली मुलं शिशाच्या विषबाधेने आजारी पडत होती आणि कारण सापडत नव्हतं. १९०४ साली गिब्सन यांनी लिहिलं की, घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांवरचा आणि भिंतींवरचा रंग हेच कारण आहे: उन्हाने रंगाची पूड होते, मुलं कठडे धरतात, मग बोटं चोखतात. मुलांचे हात पोचतात अशा जागी शिशाच्या रंगाला बंदी घालणारा कायदा क्वीन्सलँडने १९२२ मध्ये केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरण्याविरुद्ध करार केला होता. तो मुख्यतः रंगाऱ्यांच्या जिवासाठी होता. म्हणजे १९२२ पर्यंत जगाला मुलांचंही कळलेलं होतं आणि कामगारांचंही. तरीही त्यानंतर कित्येक दशकं शिशाचे डबे जगभर विकले गेले. याचा मला आजही राग येतो, आणि म्हणूनच ‘आजकाल शिसं असतंच कुठे’ या वाक्यावर मी सहज मान डोलावत नाही.

आता तुमच्या कागदाकडे येऊ.

आज बहुतेक कडक कायद्यांमध्ये एकच आकडा दिसतो: ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. एक किलो वाळलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम शिसं. ‘वाळलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डब्यातल्या ओल्या रंगात पाणी किंवा टर्पेंटाइन असतं, ते उडून जातं आणि शिसं मागे राहतं. त्यामुळे ओल्या रंगाच्या वजनावर मोजलेला आकडा फसवा, कमी दिसणारा असतो. अमेरिकेत १९७८ पासून ६०० पीपीएमची मर्यादा होती, २००९ मध्ये ती ९० वर आणली. फिलिपिन्सने २०१३ मध्ये ९० ची मर्यादा ठरवली आणि घरगुती रंगांना २०१६ अखेरपर्यंत, औद्योगिक रंगांना २०१९ अखेरपर्यंत मुदत दिली. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी ९० पीपीएमचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने देशांसाठी जो नमुना कायदा तयार केला, त्यातही हाच आकडा आहे.

शून्य का नाही, असं त्या मुलीची आई नक्की विचारेल. रंगात घातली जाणारी खनिजं जमिनीतून येतात आणि त्यांच्यासोबत शिशाचा अंश येतो. तो पूर्णपणे काढणं अवघड असतं. पण ९० च्या खाली राहणं कोणत्याही कारखान्याला जमतं, अट एकच, रंग बनवताना शिशाची संयुगं मुद्दाम घालायची नाहीत. या आकड्याचा खरा उपयोग तोच आहे: मुद्दाम घातलेलं शिसं तो लगेच पकडतो. कारण घातलेलं शिसं ९१ किंवा १०० वर थांबत नाही. तुमच्या बाकांना हवा असलेला तो झगझगीत पिवळा रंग जुन्या पद्धतीने लेड क्रोमेटपासून मिळतो, आणि लेड क्रोमेटच्या वजनात जवळपास ६४ टक्के शिसंच असतं. असा रंग वापरलेल्या इनॅमलमध्ये १०,००० पीपीएमच्या वर आकडे सापडलेले आहेत.

त्याचा अर्थ हिशोबाने बघा. १०,००० पीपीएमच्या रंगाचा एक दशांश ग्रॅमचा पोपडा, म्हणजे नखाएवढा तुकडा. त्यात १,००० मायक्रोग्रॅम शिसं असतं. ९० पीपीएमच्या तेवढ्याच तुकड्यात ९ मायक्रोग्रॅम. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असतं. रक्तात दर डेसिलिटरला, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाला, ५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं, तर ते कुठून आलं हे शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अख्ख्या रक्ताचा हिशोब केला तर ते ५० मायक्रोग्रॅम झालं. गिळलेलं सगळं शिसं रक्तात जात नाही हे खरं, पण लहान मुलांच्या पोटातून ते मोठ्या माणसापेक्षा चार ते पाच पट जास्त शोषलं जातं. आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, हे त्याच संघटनेचं म्हणणं आहे. शिवाय बहुतेकदा बाहेरून काहीही दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मुलाचं लक्ष टिकत नाही, शिकणं मागे पडतं, आणि त्याचा संबंध खिडकीच्या चौकटीशी लावायचं कोणाच्या मनात येत नाही.

तर, कागद. रंगाबद्दलचे कागद साधारण तीन जातींचे असतात आणि त्यांची किंमत सारखी नसते. पहिला म्हणजे कंपनीची स्वतःची घोषणा: आमच्या रंगात शिसं घातलेलं नाही. तुमच्या झेरॉक्सच्या वर्णनावरून ती याच जातीची वाटते. अशी घोषणा खोटीच असते असं मी म्हणत नाही. अनेक देशांच्या नियमांत कंपनीने स्वतःच हमी द्यायची आणि डब्यावर छापायचं अशीच रीत आहे, आणि प्रामाणिक कंपन्या ते प्रामाणिकपणे करतात. पण ती हमी देणारा आणि माल विकणारा एकच असतो.

दुसरा कागद म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल, आणि हा नीट वाचायला शिकणं तुमच्या फायद्याचं आहे. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ या मानकाची मान्यता आहे का ते बघा (भारतात ती एनएबीएल देते), आणि त्या मान्यतेत ‘रंगातलं शिसं’ ही चाचणी येते का तेही बघा. पाण्याच्या चाचणीची मान्यता असलेली प्रयोगशाळा रंगासाठीही पात्र असते असं नाही. मग कंपनीचं नाव, रंगाचा प्रकार, शेड, बॅच क्रमांक आणि तारीख. पांढऱ्या रंगाचा अहवाल दाखवून पिवळा डबा विकणं ही नेहमीची गोष्ट आहे. आकडा वाळलेल्या रंगाच्या वजनावर दिलेला आहे ना? आणि ‘एकूण शिसं’ असं लिहिलंय ना? ‘शिसं नाही’ असं कोणतीही चांगली प्रयोगशाळा लिहीत नाही. ती लिहिते की शिसं अमुक पीपीएमपेक्षा कमी आहे, त्याखालचं आमच्या उपकरणाला मोजता येत नाही. शेवटी अगदी तळाशी, बारीक अक्षरात, बहुतेक अहवालांत एक वाक्य असतं: नमुना ग्राहकाने आणून दिलेला आहे, निष्कर्ष फक्त त्या नमुन्यापुरते. त्यात लबाडी नाही, प्रयोगशाळेने ते लिहायलाच हवं. पण त्याचा अर्थ असा की, कंपनीने निवडून पाठवलेल्या एका डब्याबद्दल तो कागद बोलतोय, तुमच्या डब्याबद्दल नाही.

ही फट बुजवण्यासाठी तिसरा कागद असतो: त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र. इथे कंपनी नमुना निवडत नाही. प्रमाणित करणारी संस्था कोणते कच्चे घटक वापरले जातात ते तपासते, स्वतः नमुने उचलते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवते आणि ठरावीक काळाने पुन्हा येते. ‘लेड सेफ पेंट’ नावाची अशी एक आंतरराष्ट्रीय योजना आहे. आयपेन या संस्था-जाळ्याने ती एका स्वतंत्र प्रमाणन संस्थेबरोबर उभी केली, आणि तिची मर्यादाही ९० पीपीएमच आहे. असं प्रमाणपत्र हातात आलं तर तीन गोष्टी बघा: मुदत संपलेली नाही ना, तुम्हाला हवा तो रंगाचा प्रकार त्यात लिहिलेला आहे ना, आणि प्रमाणन संस्थेच्या स्वतःच्या यादीत ते सापडतं ना. झेरॉक्सवरचा शिक्का कोणीही मारू शकतो, यादीत नाव घालणं तितकं सोपं नाही.

दुकानात डोळसपणे निवडलंत तर अर्धी काळजी तिथेच मिटेल. भिंतींना पाण्यात मिसळायचं इमल्शन घ्या. शिशाचा खरा त्रास ऑइल पेंट आणि इनॅमलमध्ये असतो, कारण तिथे रंगद्रव्याशिवाय रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं वापरली जात. म्हणून पांढरं इनॅमलही आपोआप निर्दोष ठरत नाही. पिवळा, केशरी, लाल आणि हिरवा या शेडमध्ये मात्र सगळ्यात जास्त सावध राहा. हिरवा ऐकून आश्चर्य वाटेल, पण तो अनेकदा पिवळ्यात निळा मिसळून केलेला असतो. पिवळी बाकं सोडून द्या असं मी म्हणत नाही. सेंद्रिय रंगद्रव्यांपासून सुंदर पिवळा बनतो, थोडा महाग पडतो एवढंच. फक्त त्या नेमक्या शेडचा अहवाल मागा.

आणि शेड मशीनवर मिसळून घेणार असाल, तर हे विसरू नका: अहवाल बहुधा पांढऱ्या बेसचा असतो, पण रंग येतो तो मशीनमधल्या रंगद्रावणांतून. त्यांचाही अहवाल हवा. हा प्रश्न दुकानदाराला फार कमी लोक विचारतात.

दाराच्या जाळीला, लोखंडी गजांना आणि झोक्याला काय लावणार हेही रंगाऱ्याला आधीच विचारा. लोखंडासाठी जुन्या पद्धतीचा रेड लेड प्रायमर हा शब्दशः शिशाचा रंग आहे. रेड ऑक्साइड वेगळा, तो लोखंडाच्या ऑक्साइडचा, पण डब्यात दोन्ही तांबूस दिसतात आणि बोलताना गल्लत होते. कुठल्याशा कारखान्याच्या कामातून उरलेला यंत्रांचा किंवा गाड्यांचा रंग तर पाळणाघरात अजिबात आणू देऊ नका, कितीही स्वस्तात मिळाला तरी. अनेक देशांत ९० पीपीएमचा नियम फक्त घरगुती रंगांना लागतो, भारतातही तसंच आहे, आणि औद्योगिक डबा कायद्याने त्या मर्यादेत असण्याची गरज नसते.

खेळण्यांच्या बाबतीत एक गोंधळ होतो, तो आत्ताच सांगतो. रंगवलेल्या लाकडी खेळण्यांच्या अहवालातही ९० हा आकडा दिसतो, पण काही खेळणी-मानकांत तो आम्लात विरघळून बाहेर येणाऱ्या शिशाचा असतो, एकूण शिशाचा नव्हे. तेच खेळणं एकूण शिशाच्या मोजणीत ९० च्या खूप वर जाऊ शकतं. कागदावर कोणतं शिसं मोजलंय ते वाचा.

आता जुन्या भिंती. आकड्यांची आणखी एक गल्लत इथे होते. लावून झालेल्या जुन्या रंगाला अमेरिकेत ‘शिशाचा रंग’ म्हणायची पातळी ५,००० पीपीएम आहे, किंवा दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम. हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन येणारे तंत्रज्ञ बहुधा या दुसऱ्या एककात आकडा देतात. ‘शिशाचा रंग आढळला नाही’ असा त्यांचा अहवाल आला, तर त्याचा अर्थ ९० च्या खाली असा नाही. बोळ्याने पुसून गुलाबी झालं तर शिसं, अशा झटपट चाचण्यांचंही तसंच. गुलाबी झालं तर नक्की सावध व्हा. नाही झालं तर त्यावरून निर्धास्त होऊ नका, कारण कमी प्रमाण त्यांना सापडत नाही, आणि शिसं खालच्या थरात असलं तरी वरच्यावर पुसलेल्या बोळ्याला कळत नाही. मी तुमच्या जागी असतो, तर खिडकीची चौकट, दार आणि भिंत अशा दोन-तीन जागांचे सगळ्या थरांसकट काढलेले तुकडे प्रयोगशाळेत पाठवले असते. तो आकडा येईपर्यंत सगळा जुना रंग शिशाचाच आहे असं धरून चाला.

जिथे जुना रंग घट्ट बसलेला आहे, पोपडा नाही, भेग नाही, तिथे तो खरवडूच नका. त्यावर नवा रंग चढवा, शिसं आत दबून राहील. खिडक्या आणि दारं मात्र उघडताना-मिटताना घासली जातात, तिथे वरचा थर टिकत नाही आणि खालचा पुन्हा धूळ होऊन पडतो. बजेट असेल तर त्या झडपा काढून नव्या बसवणं हा सगळ्यात चांगला उपाय. नसेल तर काम ओल्यानेच झालं पाहिजे: पाणी फवारायचं, मग खरवडायचं, पुन्हा फवारायचं. खाली जाड प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. ब्लो लॅम्पची ज्योत वापरायची नाही, कारण तापलेल्या शिशाची वाफ धुळीहूनही वाईट. मशीनचा सँडर नको. काम संपल्यावर केरसुणी नको, साधा व्हॅक्यूमही नको, कारण तो बारीक धूळ मागून पुन्हा हवेत सोडतो. हेपा, म्हणजे अतिबारीक धूळही अडवणारी गाळणी असलेला व्हॅक्यूम मिळाला तर उत्तम, नाहीतर साबणाच्या पाण्यात भिजवलेली फडकी, दरवेळी नवं पाणी, आणि वापरलेली फडकी टाकून द्यायची.

या सगळ्या दिवसांत मुलं तिथे असता कामा नयेत, एका खोलीत काम आणि शेजारच्या खोलीत मुलं असंही नको. कामवाल्या बाई किंवा मदतनीस गरोदर असतील तर त्यांनाही सुट्टी द्या. रंगाऱ्याला नीट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मास्क द्या आणि कामाचे कपडे तिथेच बदलायला सांगा. त्याच्याही घरी लहान मुलं असू शकतात, आणि ती धूळ त्याच्या सदऱ्यावरून त्यांच्यापर्यंत जाते. ‘इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही,’ असं तो म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त ओल्याने काम करायची अट पैसे ठरवतानाच घाला.

पोपडे आधीपासून पडत आहेत असं तुम्ही लिहिलंत, म्हणून एक बोलणं टाळता येणार नाही. एखादं मूल ते उचलून तोंडात घालताना कोणी पाहिलं असेल, तर त्याच्या पालकांना स्पष्ट सांगा आणि बालरोगतज्ज्ञांकडून रक्तातलं शिसं तपासून घ्यायला सांगा. बोटाच्या थेंबातून केलेल्या तपासणीत बोटावरच्या धुळीनेही आकडा वाढू शकतो, तसा तो जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करून घ्यावी. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत शिसं जास्त शोषलं जातं, हेही डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. हे सांगताना पालक घाबरतील, कदाचित रागावतील. तरी सांगा. त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

राहिला तो पालकांना काय सांगायचं हा प्रश्न. दारावर ‘शिसेमुक्त पाळणाघर’ असा फलक लावायचा मोह होईल, पण तो लावू नका, तसं कोणालाच सिद्ध करता येत नाही. जे खरोखर केलंत तेवढंच लिहा: कोणता रंग, कोणत्या शेड आणि बॅच, कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल, वाळलेल्या रंगात किती पीपीएम, जुन्या रंगाचे किती नमुने तपासले आणि काय आलं, कोणत्या भागाला हात लावला नाही आणि का. अहवालांच्या प्रती सोबत जोडा आणि प्रत्येक डब्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, डबे फेकल्यावर बॅच क्रमांक सापडत नाही. ज्या आईने प्रश्न विचारला, तिला ही फाइल सगळ्यात आधी दाखवा.

त्या झेरॉक्सबद्दल तुमचा थेट प्रश्न होता, त्याचं थेट उत्तर: तेवढ्या कागदावर रंग विकत घेऊ नका. दुकानदाराकडून कंपनीचा संपर्क घ्या आणि तुमच्या शेडचा, बॅचसहित, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लेखी मागा. चांगली कंपनी तो पाठवते. टाळाटाळ झाली तर दुसऱ्या कंपनीकडे वळा, किंवा एक छोटा डबा विकत घेऊन तुम्हीच प्रयोगशाळेत द्या. तसं केलंत तर तळाच्या त्या बारीक वाक्यातला ‘ग्राहक’ तुम्ही असाल, आणि तपासलेला डबा दुकानाच्या फळीवरून उचललेला असेल. अहवाल हाती आल्यावर त्यातलं एखादं कलम कळलं नाही, तर त्याची प्रत याच सदराकडे पाठवा, मी वाचून सांगेन.